रुखवत घेऊन कोरगावला, क्लचशिवाय

गोव्याला जाऊन आले आणि समुद्र पाहिला नाही, असं सांगितलं की आमच्या गल्लीतल्या बायका माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघतात. बघू देत. समुद्र कुठं पळून जात नाही. पण डिचोलीहून कोरगावपर्यंत क्लच गेलेल्या ट्रकमधून, मागे शेवयांचा पाळणा आणि शेजारी तोंड फुगवून बसलेला नवरा, असा प्रवास त्यांच्यापैकी एकीनं तरी केलाय का? मी केलाय. म्हणून लिहिते आहे.

आमच्या अश्विनीचं लग्न. ती पेडणे तालुक्यातल्या एका कारखान्यात कामाला होती, तिथल्याच कोरगावच्या मुलाशी तिनं जमवलं. मुलगा चांगला, घर शेतीवाडीचं, काजूचं. लग्न त्यांच्या दारात करायचं ठरलं. होणाऱ्या विहीणबाईंनी फोनवर एकच गोष्ट सांगितली, आणि तीही दोनदा, "काय्येक हाडू नकात." म्हणजे काहीएक आणू नका.

आता, काही आणू नका असं वरपक्षानं म्हणावं आणि वधूपक्षानं खरंच रिकाम्या हातानं जावं, असं आमच्या चंदगडकडे कुणी करत नाही. त्यात मुलीनं स्वतः जमवलेलं. परक्या मुलखात, परक्या बोलीच्या घरात माझी एकुलती एक पोर नांदायला जाणार. तिथं तिच्यामागे कुणीतरी आहे, हे दिसायला नको? माझ्या लग्नात रुखवत नव्हतं. देवळात पाच माणसांत अक्षता पडल्या आणि पुढं कितीतरी वर्षं माझ्या सासूच्या बहिणी येता-जाता ते बोलून दाखवायच्या. अश्विनीला कुणी तसं बोलायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

तर रुखवत केलं. लाडवांचा मनोरा, करंज्या, चिरोटे, रंगीत कुरडयांची फुलं. आणि सगळ्यांच्या मधोमध पाळणा. हातशेवयांचा, साखरेच्या पाकात बांधलेला, चार खांबांचा, साखरेच्या मण्यांच्या साखळ्यांना टांगलेला. आत साच्यातला बाळकृष्ण. फळीवरच उभा केला होता, त्यामुळे उचलायचा तर फळीसकट. घराबाहेर काढताना दाराची चौकट आडवी आली, तेव्हा ह्यांनी दाराची फळी बिजागरीसकट काढली आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी घरच पाडायला लावलंय.

चोर्ला उतरताना

वऱ्हाडाची बस अश्विनीला घेऊन लग्नादिवशी पहाटे गावाहून निघणार होती. आम्ही दोघं शनिवारीच आमच्या ट्रकनं पुढं निघालो. ट्रक जुना. ह्यांचं आणि त्याचं नातं आमच्या लग्नाच्या आधीचं, त्यामुळे मी त्याला माझी मोठी सवत म्हणते. हौद्यात घरचा तांदूळ, गुळाच्या ढेपा, आणि त्यांच्यामध्ये गाद्या रचून पाळणा बसवला होता. चहूबाजूंनी दोऱ्या, वर ताडपत्री.

बेळगावमार्गे चोर्ला घाटाला लागलो आणि माझ्या तोंडी एकच शब्द आला तो सुटेना. हळू. वळण आलं, हळू. खड्डा आला, हळू. समोरून बस आली, अहो हळू! हे गिअर असा बदलत होते की पोटातलं पाणी हलू नये. डावा पाय सगळा घाटभर क्लचवर. क्लचवर असा पाय टेकवून गाडी हाकायची नसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ह्यांना ठाऊक होतं. पण मागे पाळणा आणि शेजारी मी, माणूस करणार काय?

घाट मात्र बघण्यासारखा आहे. आमच्याकडे एप्रिलात डोंगर भाजून निघालेले असतात, तिथं झाडी इतकी दाट की उन्हाला खाली यायला जागा मिळत नाही. मध्ये एका ठिकाणी थांबून ताडपत्री उचलून पाहिलं. बाळकृष्ण जागच्या जागी. मग मी शिदोरीतली भाकरी आणि लसणाची चटणी काढली, आणि ह्यांनी पाय चोळत चोळत खाल्ली.

डिचोली

डिचोलीत मुक्काम शाणूभाऊंकडे होता. तरुणपणी हे त्या बाजूच्या खाणींवर मातीचे ट्रक चालवायचे, तेव्हाचे शाणूभाऊ जोडीदार. खाणी बंद पडल्या, हे गावी परतले, शाणूभाऊंनी बागायत धरली. पण दोघं भेटले की अजून दोन पोरंच. मला त्यांनी पहिल्या वाक्यातच "वयनी" करून टाकलं. म्हणजे वहिनी.

शाणूभाऊंच्या बायकोनं, सुलभानं, पितळेच्या पेल्यात नीरो दिला. काजूच्या बोंडांचा ताजा रस, गोड, घशाला किंचित धरणारा. काजू आमच्या चंदगडलाही पिकतो, पण बी काढून घेतली की बोंडं आम्ही गुरांपुढं टाकतो. इथं थेंबही वाया जाऊ देत नाहीत. मी दुसरा पेला मागितला तेव्हा हे घाईघाईनं म्हणाले, "अगं, ते चढतंय!" सुलभा हसून लोटपोट. ताजा चढत नाही म्हणे, राहिला तर चढतो. मी दुसराही प्यायले आणि ह्यांच्याकडे रोखून बघितलं.

सकाळी चपात्या लाटू का म्हणून मी पदर खोचला, तर ती म्हणाली, "कित्याक? पदेर येतलो मगो." तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला आणि सायकलवर मोठी टोपली घेऊन पाववाला हजर. गरम कडक उंडे, वाटाण्याची पातळ भाजी आणि मिरचीचं भजं. भल्या सकाळी घरातल्या बाईनं चुलीपुढं घाम गाळायचा नाही, दारात येईल तो पाव घ्यायचा. गोव्याच्या बायकांनी आणखी काही केलं नसतं तरी एवढ्यावर मी त्यांना शहाणं म्हटलं असतं.

खाऊन उठलो, ह्यांनी गाडी सुरू करून क्लच दाबला, आणि खालून असा कर्कश आवाज आला की माझ्या हातातला डबा पडला. पायाखालचं पेडल सरळ खाली बसलं. शाणूभाऊ पोतं अंथरून गाडीखाली गेले आणि काळे हात घेऊन बाहेर आले.

"बेअरिंग गेलां रे. क्लच सुटचो ना आतां."

"नवं टाकू की," मी म्हटलं.

"वयनी, आज आयतार. म्हापशां दुकानां बंद. आनी मेळ्ळें तरी गिअरबॉक्स देंवयतलो कोण?"

म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा, सोमवार उजाडायचा, आणि सोमवारी सकाळी तर लग्न. दुसरा टेम्पो बघावा तर लग्नाचा मोसम, सगळे वऱ्हाडात गुंतलेले. मिळाला असता तरी तो पाळणा इथं उतरवून पुन्हा चढवायला मी हात लावू दिला नसता.

"सगळा घाट क्लचवर पाय ठेवून उतरलो. जाणारच ते," हे माझ्याकडे न बघता म्हणाले.

"मी हळू म्हटलं होतं, क्लच दाबा म्हटलं नव्हतं," मी म्हणाले. हा मुद्दा आमच्यात अजून मिटलेला नाही.

मग ते दोघं एकमेकांकडे बघून हसले. खाणीवर असं पुष्कळदा व्हायचं म्हणे. पाठीमागे गाड्यांची रांग, क्लच गेला म्हणून कोण थांबतंय? क्लच नसला तरी गाडी चालते. अडचण थांबल्यावर. चालू गाडी न्यूट्रलला काढून उभी करता येते, पण उभी गाडी पुन्हा गिअरमध्ये घ्यायला क्लच लागतो. तो नसला तर इंजिन बंद करायचं, पहिला गिअर टाकायचा आणि तसाच स्टार्टर मारायचा. गाडी बेडकासारखी उडी मारून सुटते.

"उडी?" मी विचारलं.

"दणका बसतोय जरा."

"माझ्या पाळण्याला?"

ह्यांनी दारापुढचा रस्ता निरखला. मग म्हणाले, "उतार मिळाला तर दणका न्हाई. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायचं, गाडीला आपल्या वजनानं पळू द्यायचं, आणि वेग जुळला की गिअर सरकवायचा. लोण्यागत जातोय." शाणूभाऊंचं घर उतारावरच होतं. पुढं कुठं थांबायला लागू नये म्हणून शाणूभाऊ आपली मोटरसायकल घेऊन, खांद्यावर लाल टॉवेल टाकून आमच्या पुढं निघाले. सुलभानं माझ्या ओटीत नारळ घातला. "बरें वचात," म्हणाली. नीट जा.

ह्यांनी ब्रेक सोडला. गाडी हलकेच घरंगळली. ह्यांचा हात गिअरच्या दांड्यावर नुसता टेकलेला, मान किंचित तिरकी, इंजिनाचा आवाज ऐकत. मग मनगट हललं आणि गाडीनं चाल धरली. दणका नाही, काही नाही. मी इतकी वर्षं ह्या माणसाबरोबर संसार केला, पण त्याला असं काम करताना पहिल्यांदाच शेजारी बसून पाहत होते. मला फार बरं वाटलं, आणि ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पुढं बघ, म्हस आली."

म्हापशाच्या बाजूनं

म्हैस खरंच आली होती. अस्नोड्याच्या आसपास रस्त्याच्या मधोमध, मागे आणखी चार. शाणूभाऊंनी टॉवेल फिरवला, हाकारे घातले. म्हशींना घाई नव्हती. थांबावं लागलं. पण नशीब, तिथंही उतार होता. म्हशी गेल्या, ब्रेक सुटला, गाडी घरंगळली आणि गिअर गेला. तोवर मी ओटीतला नारळ घट्ट धरून ठेवला होता.

मग मीही कान देऊ लागले. गिअर बदलायचा तर हे पाय उचलत, गिअर काढत, इंजिनाचा आवाज खाली येऊ देत, आणि ठरावीक जागी आला की दांडा पुढं. लवकर केलं तर खर्र होतं, उशीर केला तरी खर्र. चुलीवरच्या पाकासारखं आहे, एकतारी झाला की लगेच उतरवायचा. थोड्या वेळानं मला ती जागा कळायला लागली आणि मी म्हणायला लागले, "आता!" दोन वेळा बरोबर आलं. तिसऱ्या वेळी चुकलं, खर्र झालं, आणि हे म्हणाले, "तू नारळ सांभाळ."

म्हापशात शिरलो. रविवार असला तरी गाड्या होत्याच. शाणूभाऊ प्रत्येक चौकात आधी पोचून टॉवेल आडवा धरत. एका ठिकाणी वाहतुकीच्या पोलिसानं हात वर केला. गाडी चालत्या माणसाच्या वेगानं त्याच्याकडे सरकतच होती. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि ओरडले, "साहेब, क्लच नाही! मुलीचं लग्न आहे! थांबलो तर पाळणा मोडेल!" त्याला ह्यातलं काय समजलं देव जाणे. तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग त्यानं दुसऱ्या बाजूच्या गाड्या थोपवल्या आणि आम्हाला जायला हात केला. वर हसलाही. आमच्याकडचा असता तर आधी पाळणा बघायला मागितला असता.

कोलवाळचा पूल ओलांडताना खाली एवढं रुंद पाणी दिसलं की मी म्हटलं, हाच समुद्र समजू. नदी आहे, हे म्हणाले. असू दे.

कोरगाव

पेडण्याचा मुलूख लागला तशी माती लाल झाली. कापणी होऊन गेलेली भातशेतं, कडेला काजूची टेकाडं, आणि हवेत पिकल्या बोंडांचा आंबूस गोड वास. मी सैल झाले. आता गाव आलंच, एक चढ चढला की मांडव, असं शाणूभाऊंनी सांगितलं होतं.

आमच्याकडे गावच्या वेशीवर वराकडच्यांचं स्वागत वधूकडचे करतात. इथं लग्न वराच्या दारात, म्हणून त्यांनी उलटं करायचं ठरवलेलं. कौतुकानंच, पण आम्हाला न सांगता. चढाच्या अलीकडे, वडाखाली, सपाट रस्त्यावर पंधरा-वीस माणसं उभी. हार घेऊन व्याही, आरतीचं ताट घेऊन विहीणबाई, बाजूला वाजंत्री. शाणूभाऊ पुढून टॉवेल हलवत गेले, बाजूला व्हा, बाजूला व्हा. त्या लोकांना वाटलं, वधूपक्षाचा माणूस आनंदानं टॉवेल उडवतोय. त्यांनीही हात हलवले. वाजंत्री सुरू झाली आणि व्याही हार घेऊन रस्त्याच्या मधोमध आले.

ह्यांनी गाडी न्यूट्रलला काढून ब्रेक दाबला. थांबलो. उतार नाही, सपाट रस्ता, आणि पुढं चढ.

ओवाळणं झालं, हार झाले, पायांवर पाणी झालं. मी हसत होते, पण लक्ष सगळं मागे. "आता चला मांडवात," व्याही म्हणाले. आम्ही केबिनमध्ये चढलो आणि हे इंजिन बंद करून स्टार्टर मारायला हात न्यायला लागले.

"अहो, दणका!"

"मग काय करू?"

"माणसं आहेत की एवढी. सपाटीवर ढकललं तर वेग मिळेल."

ह्यांनी आवाज दाबून म्हटलं, "व्याह्यांना गाडी ढकलाय लावू? मुलीचा बाप मी! जन्मभर पोरीला ऐकवतील, तुझा बा आला आणि आम्हाला हमाल केलं. एकच दणका बसंल."

"तेवढा पुरे आहे."

"मग तूच सांग, पाळणा मोठा का पोरीचं नाव मोठं?"

खरं सांगते, त्यांचं चूक नव्हतं. वरपक्षाला हात लावायला सांगणं म्हणजे आपणच पोरीच्या नावावर बोट ठेवायला जागा करून देणं. आणि पाळणा मोडला तर मी त्याच घरात रिकाम्या हातानं आलेली आई. दोन्हीकडून माझ्या पोरीलाच लागणार होतं. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

"इंजिन बंद करायचं नाही," मी म्हटलं आणि खाली उतरले. मागे गेले, नवं लुगडं कमरेला खोचलं, आणि हौद्याच्या मागच्या फाळक्याला दोन्ही हात लावून ढकलायला लागले. आपल्या मुलीची गाडी आई ढकलते, त्यात कुणाचा मान जाणार? गाडी अर्थातच तसूभर हलली नाही.

वाजंत्री थांबली. "विहीणबाय, ह्या काय करतास?" व्याह्यांनी विचारलं. शाणूभाऊंनी खाली मान घालून सगळं सांगितलं, क्लच, पाळणा, दणका.  तरुण मुलं पुढं यायला बघत होती, पण थोरांच्या तोंडाकडे बघून थांबली. पाहुण्याची गाडी, लग्नाची, कोण आधी हात लावणार?

विहीणबाईंनी आरतीचं ताट नवऱ्याच्या हातात दिलं. जरीचा पदर खोचला, माझ्या शेजारी आल्या आणि फाळक्याला हात लावून म्हणाल्या, "तुमी आपला चेडू दितास आमका. आणि गाडी ढकलूक आमका लाज कसली?" चेडू, म्हणजे मुलगी. मग मागे वळून ओरडल्या, "बघतास काय मेल्यांनो? लावा हात!"

सगळा गाव लागला. वाजंत्रीवालेही. गाडी हलली, चालली, जरा पळाली, पुढून इंजिनाचा आवाज मला ऐकू येत होता. "आता!" मी ओरडले. ह्यांनी गिअर घातला, खर्र नाही, दणका नाही, आणि गाडी चढाला लागली. आता ती मांडवाशिवाय थांबणार नव्हती. ह्यांनी खिडकीतून हात तेवढा बाहेर काढला. मुलं आरडत तिच्यामागे धावली, आणि रस्त्यात आम्ही दोघी विहिणी धापा टाकत उरलो.

चढ चालत चढलो. त्यांनी माझा हात धरला होता. मी म्हटलं, "तुम्ही काही आणू नका म्हणालात, तरी मी आणलं. राग मानू नका." त्यांनी खोचलेला पदर सोडला. मग सांगितलं. त्यांच्या आईनं त्यांच्या लग्नात जीव ओतून रुखवत केलं होतं, आणि ह्याच घरातल्या बायकांनी त्यातला एकेक पदार्थ उचलून नावं ठेवली होती. हा कडक, तो करपलेला. आई मांडवात एका कोपऱ्यात बसून ऐकत होती. "तेव्हाच ठरवलंय," त्या म्हणाल्या, "माज्या सुनेच्या आवशीन काय्येक हाडूचा नाय. कोण नावा ठेवतला मग?" आवशीन, म्हणजे आईनं.

मी रस्त्यातच उभी राहिले आणि त्यांच्या गळ्यात पडले. एवढ्या दिवसांची धास्ती त्या चढावर उतरली.

मांडवात ताडपत्री काढली. लाडवांचा मनोरा ढासळला होता, लाडू गुळाच्या ढेपांमध्ये लपून बसले होते. पाळणा जसाच्या तसा. बाळकृष्ण किंचित झुलत होता. विहीणबाईंनी त्याला बोटानं हळूच झोका दिला, मग एक घरंगळलेला लाडू उचलून तोंडात टाकला. सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"बरो झालो हा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. आणि प्रत्येकीच्या हातावर एकेक ठेवला.

संध्याकाळी अश्विनीचा फोन आला. हात मेंदीनं भरलेले, फोन मावशीनं कानाशी धरलेला. "आई, पोचलात? काही मोडलं का गं?"

"लाडू सांडले. बाकी काही नाही," मी म्हटलं. "क्लच गेला होता. तुझ्या सासूबाईंनी गाडी ढकलली."

पलीकडे फोन घसरल्याचा आवाज आला.

"कुणी?"

"सासूबाईंनी. जरीचं लुगडं खोचून."

पलीकडे खुदकन हसू फुटलं. मग पोरगी म्हणाली, "तर मग येते मी उद्या."